दारावरची फुली

चांदबीचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक. पण गेले नऊ दिवस ती कुणावर खेकसली नव्हती, आणि त्यामुळेच घरची माणसं जास्त घाबरली होती.

गावात दगडफेक होऊन संचारबंदी लागली, त्याला नऊ दिवस झाले होते. सकाळी दहा ते दुपारी दोन सूट, दूध-भाजी-औषधापुरती. त्यात गोवरानं डोकं वर काढलं. म्हणून नर्स मोहिनी सिस्टर पोलिसांच्या गाडीतून लशीची निळी पेटी घेऊन आल्या आणि नेहमीसारख्या चांदबीच्या ओट्यावर बसल्या. चांदबी आशाताई. मोहल्ल्याची, आणि रस्त्यापलीकडच्या गल्लीचीही. पंधरा वर्षं दोन्हीकडची लेकरं याच ओट्यावर रडली.

"बाटली फोडते हं," सिस्टर दहा वाजता म्हणाल्या. "दहा पोरांची आहे. एकदा फोडली की चारच तास. दोनला फेकून द्यावी लागेल."

"फोडा," चांदबी म्हणाली.

मोहल्ल्यातली सहा पोरं अकराच्या आत झाली. चार पोरांची लस बाटलीत उरली. आणि राहिलेली चार पोरं कुठली, हे चांदबीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. चौघंही पलीकडच्या गल्लीतली. मधे लोखंडी अडथळे, दोन शिपाई, आणि वीस पावलांचा रस्ता. वीस पावलं! पण आज तो रस्ता तापीच्या पुराएवढा रुंद झाला होता.

आता त्या फुल्यांचं सांगायला हवं. लशीच्या मोहिमेत घरोघर जायचं, ज्या घरातली सगळी पोरं झाली त्या दारावर खडूनं 'पी' लिहायचा आणि जिथं पोर राहिलं तिथं फुली मारायची. पुन्हा यायचं घर चटकन सापडावं, एवढाच मतलब. दगडफेकीच्या आदल्या दिवशी चांदबीनं पलीकडच्या गल्लीत चार दारांवर फुल्या मारल्या. दुसऱ्या दिवशी दगड आले, आणि कुणाची तरी नजर त्या फुल्यांवर गेली. झालं! कुणी म्हणालं, घरं हेरून ठेवली होती. कुणी म्हणालं, ती वहीत पोरांची नावं लिहायची ती कशाला? संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की चांदबीनं निशाण्या करून दिल्या.

लोकांचं तोंड कोण धरणार? तिला त्याचं एवढं नव्हतं. तिच्या काळजात रुतलं होतं ते दुसरंच. त्या दिवशी ती एकटी नव्हती. अंगणवाडीची मदतनीस मंगलाबाई तिच्याबरोबर दारोदार फिरली होती. फुली कशाची, हे मंगलाला पक्कं ठाऊक होतं. एक फुली तर मंगलाच्याच दारावर होती, कारण सून दिपाली तान्ही पोर घेऊन म्हसावदला माहेरी गेली होती, ती त्याच संध्याकाळी परतली, आणि लशीची तारीख हुकली होती. तरी मंगला गप्प. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

रागवायचं ठरवलं तरी रागावता येईना, अशी तिची गत झाली होती. सकाळी चहा टाकताना हात आपोआप दुसऱ्या कपाकडे जायचा. मंगला त्या ओट्यावर पाय पसरून बसायची, पोरांना मांडीवर घट्ट धरायची, वर सगळ्या गावाची टवाळी करायची. तिच्यावाचून ओटा नुसता दगडमातीचा राहिला होता. चांदबीला मंगला हवी होती. बस्स. आणि मंगलाच्या नातीला लस हवी होती, कारण गोवर फुली बघून थांबत नाही.

बारा वाजले. एक वाजला. सिस्टरनी दोनदा घड्याळ बघितलं.

सव्वाला अडथळ्यापाशी दिपाली दिसली, पोरीला पदराखाली घेतलेली. शिपायाशी काहीतरी बोलली आणि भराभर चालत ओट्यावर आली. घामानं थबथबली होती.

"चाची, आधी सुई द्या. मग बोलू."

सुई दिली. पोरीनं आकांत मांडला. मग दिपाली म्हणाली, "आत्याबाईंनी काल नळावर सगळ्यांना सांगितलं. म्हणाल्या, 'त्या फुल्या मीबी मारेल शेतस. अर्ध्या तं मन्हा हातन्या शेतस. काय करनं ते मन्हं करा.' तेव्हापासून कुणी बोलत नाही त्यांच्याशी. आज गल्लीच्या तोंडावर पाट टाकून बसल्यात. म्हणतात, जो सुनेला अडवेल त्यानं आधी मला उठवावं."

चांदबीनं मनात हिशेब लावला. अर्ध्या? मंगलानं एकही फुली मारली नव्हती. खडू सारा वेळ चांदबीच्याच हातात होता.

"बाकीच्या तिघी?"

"बघतायत. पोर धड घरी आली तर उद्या येऊ म्हणतात."

लस दिल्यावर अर्धा तास थांबायचं असतं. त्या अर्ध्या तासात चांदबीनं फोन काढला. नऊ दिवसांत हा नंबर तिनं कितीदा काढून मिटवला होता, अल्लाच जाणे. आज लावला. एका घंटीत उचलला गेला. पोर अजून मुसमुसत होती.

"सुई लागनी का?" मंगलानं विचारलं.

"लागनी."

"ताप उना तं?"

"सिस्टरनी गोळी देयेल शे. तेवढीच देजो."

"आन् सुईनी जागा सुजनी तं?"

"चोळानं नही. शेक बी नही."

"अंगवर पाजानं का?"

"पाजानं."

मंगलानं हेच पंधरा वर्षं याच ओट्यावर शेकडो आयांना पढवलं होतं. तिला सगळं तोंडपाठ होतं, आणि ते चांदबीलाही माहीत होतं. तरी ती विचारत होती, आणि ही नव्या आईला सांगावं तसं सावकाश सांगत होती.

दोन वाजत आले. शिपायानं शिट्टी मारली. सिस्टरनी उरलेली लस फेकायला बाजूला ठेवली. दिपाली पोरीला घेऊन अडथळ्यापलीकडं गेली. गल्लीच्या तोंडाशी पाटावर बसलेल्या बाईनं एका हातानं पोर घेतली. दुसरा हात कानाशीच होता.

"चांद," फोनमधून आवाज आला, "मी इसरी गऊ वं. ताप उना तं काय करानं?"

चांदबीनं पदरानं डोळे पुसले.

"थाम, सांगस," ती म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.