पत्र्याच्या ट्रेमधली रिओ ग्रांदे

शुभा मुलुंडच्या कॉलेजात पोचली, तेव्हा मुलाखतीच्या खोलीतून तिचंच वाक्य ऐकू येत होतं. आवाज मात्र नंदकुमारचा होता.

"नकाशावरची रेष हलत नाही, नदी हलते. भांडण तिथून सुरू होतं."

चौऱ्याऐंशी साल. भूगोलाच्या लेक्चररची एकच जागा होती आणि प्रत्येक उमेदवाराने दहा मिनिटं पाठ घेऊन दाखवायचा होता. शुभाचा विषय वर्षभर ठरलेला: अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेवरून वाहणारी रिओ ग्रांदे. त्यासाठी तिने पार्ल्याच्या पत्रेवाल्याकडून तीन फुटी ट्रे करून घेतला होता. त्यात ओली वाळू थापायची, बोटाने नदी कोरायची आणि पात्राच्या मधोमध लाल लोकर अंथरायची. ती सीमा. मग निळीचं पाणी सोडायचं.

एम.एस्सी.ला बरोबर असलेला नंदकुमार मदतीला हजरच असायचा. "अगं, तुमच्या त्या गॅलरीत तुझी आई कपडे वाळत घालणार की तू नद्या वाहवणार? आमच्या गच्चीवर आण." ट्रे मुलुंडला गेला. मग "वही राहू दे ना, मी प्रवाहाचा वेग तपासतो," म्हणून वहीही गेली. पाठाची सुरुवात कशी करणार, हे त्याने विचारलं आणि तिने सांगून टाकलं. आपणही अर्ज केलाय, एवढं मात्र तो बोलला नाही. आज सकाळी ती ट्रे आणायला गेली, तर त्याची आई म्हणाली, "तो घेऊन गेला की रिक्षाने." आपल्यासाठीच नेला, असं शुभाला वाटलं. जिना उतरेपर्यंत तिला बरंसुद्धा वाटत होतं.

नंदकुमार हात पुसत बाहेर आला. बोटं निळी होती.

"तू बोलतेस चांगलं, गं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तुला ट्रेची काय गरज?"

आत प्राचार्यांनी तिचा कागद पाहिला. "तुमचीही रिओ ग्रांदेच? ती आत्ताच झाली."

"त्यांनी पूर दाखवला असेल, सर. पुरात नदी एकदम नवं पात्र धरते, तेव्हा सीमा जुन्या, कोरड्या पात्रातच राहते."

"बरोबर. लोकर जागच्या जागी आहे."

"सीमेच्या नियमाचं उरलेलं अर्धं ट्रेमध्ये दाखवत नाहीत. त्याला फार वेळ लागतो." तिने खडू घेतला, एक काठ काढला, मग तोच बोटभर सरकवून पुन्हा, आणि पुन्हा. "नदी एका काठाची थोडी माती खाते आणि पलीकडे टाकते. अशी हळूहळू सरकली, तर सीमाही तिच्याबरोबर सरकते. जमीन ज्याची होती त्याची राहत नाही."

प्राचार्य टेबलावरच्या ट्रेकडे पाहत होते. "हा आपण स्वतः केला, असं नंदकुमार म्हणाले."

"ट्रे माझा आहे, सर. वहीसुद्धा."

"मग ते घेऊन गेले, तेव्हाच का नाही बोललात?"

शुभा फळ्यावर सातवी रेष ओढत होती.

"दर वेळी थोडंच जात होतं, सर."

प्राचार्यांनी पुढच्या उमेदवाराचं नाव वाचलं.