खालच्या कप्प्यातलं लोणी

साक्षीदार म्हणून शेजारणीला बोलवायची अक्कल माझीच. तपासनीस बाई दुकानात आल्या, म्हणाल्या, लोण्याचा नमुना घेताना बाहेरचं कुणीतरी हवं. मी धावत जाऊन बाजारातून परतणाऱ्या हिलाच पिशवीसकट घेऊन आले. म्हटलं, आपलं माणूस आहे, चार शब्द बरे बोलेल. आणि बोललीही बिचारी. नवरा मोठ्या आजारातून उठलाय, त्याच्या अंगावर मूठभर मांस चढावं म्हणून लोणी इथूनच नेते, असं तिने आपण होऊन सांगितलं. माझे कान तापले.

कारण डब्यावर लेबल ‘शुद्ध दुधाचं लोणी’ आणि आत निम्मं पामतेल. तेल आमचे हे घोटायचे, लेबलं मी चिकटवायची. परवाना गेला तर दुकानाला टाळं, म्हणून दोघंही मूग गिळून उभे होतो.

बाईंनी फ्रीजमधला डबा उघडून लोणी बरण्यांत भरलं, सील करायला लाख काढली. तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. त्यांना तेलाचा पत्ताच नव्हता. दुकानातलं कुठलं नि घरातलं कुठलं, एवढंच आम्ही पढवलेलं. दारी आलेल्याला चांगलं ते द्यावं, हा त्यांचा स्वभाव.

“अहो, ते नका नेऊ,” त्या बाईंना म्हणाल्या. “ते गिऱ्हाइकांचं. आमचं खालच्या कप्प्यात आहे, त्यातलं देते.”

बाईंनी शांतपणे खालचाही डबा मागून घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारीण माझ्याकडेच बघत होती.

“मला कुठलं देत होतीस गं?”

हे घाईघाईने म्हणाले, वहिनी, तुम्हाला नेहमी घरचंच. आणि मला डोळ्यांनी खुणावलं, हो म्हण म्हणून. म्हटलं असतं तर निदान शेजार तरी वाचला असता. पण तिच्या पिशवीतून सकाळीच नेलेला डबा डोकावत होता. त्यावर माझ्या हातचं लेबल, नेहमीसारखं तिरकं.

“गिऱ्हाइकांचं,” मी म्हटलं.

तिने कागदावर सही केली. डबा काढून काउंटरवर ठेवला आणि बाईंना विचारलं, आजारी माणसाने हे इतके दिवस खाल्लं तर काय होतं. खरं तर हे तिने मला विचारायला हवं होतं. पण माझ्याकडे तिने पुन्हा पाहिलंच नाही.