निर्जंतुक खोलीतल्या कुंड्या

आमच्या कारखान्यात तान्ह्या बाळांना दूध पाजायच्या नळ्या तयार होतात. वेळेआधी जन्मलेली, चोखायचंही बळ नसलेली पोरं या नळीवर तगतात. नळ्या जिथे जोडतात त्या निर्जंतुक खोलीची मी प्रमुख. आत जायचं तर काजळ नको, पावडर नको, अंगठी नको. अंगभर झगा, आणि शिंक आली तर बाहेर पळायचं. माझी ताई इस्पितळात नेमकी त्याच बाळांच्या वॉर्डात नर्स आहे. तिच्याकडच्या नळ्या संपत आल्या होत्या आणि ती रोज फोन करून माझं डोकं खात होती.

त्यात आमच्या साहेबांना पर्यावरणाचा झटका आला. कुठल्याशा परिषदेला गेले आणि ‘हरित कारखाना’ पुरस्काराचं भूत मानगुटीवर घेऊन परतले. मला आनंदच झाला, वेडी कुठली! लगेच सांगायला गेले, की एवढ्याशा नळीला पिशवी, पिशवीला खोका, खोक्यावर पुन्हा प्लास्टिक आणि सोबत कुणी न वाचणारं चोपडं कशाला? पिशवी राहू द्या, बाकीचं काढा. धुण्याचं पाणी गटारात सोडतो, ते गाळून पुन्हा वापरू. साहेबांनी मान डोलावली आणि म्हणाले, हे फोटोत दिसत नाही.

सुट्टीनंतर खोली उघडली आणि मी दारातच थिजले. भिंतीलगत ओळीनं कुंड्या! ओल्या मातीच्या, नुकतंच पाणी घातलेल्या. मधे टेबलांवर ताईच्या वॉर्डाची अख्खी खेप उघडी पडलेली, पिशव्यांत भरायची तेवढी बाकी. साहेब कौतुकानं म्हणाले की माळ्याला झगा घालूनच आत नेलं होतं. वर प्रत्येक कुंडीला आमची पायात घालायची आवरणं चढवली होती. कुंडीला मोजे! नियम म्हणजे नियम.

नळ्या तपासायला दिल्या. तपासणीच्या बशीत बुरशी अशी तरारून आली, की साहेबांची झाडंही तेवढी तरारली नसतील.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून खेप सोडायच्या कागदावर सही मागितली. पुरस्काराची परीक्षक मंडळी यायची होती आणि खेप फेकली तर कचऱ्याचा आकडा बिघडणार होता. शेवटी जंतू मारायच्या गॅसच्या पेटीत सगळं मरतंच की, असं त्यांचं म्हणणं. मरतं, पण मेलेली बुरशी नळीतच राहते, आणि तिथून बाळाच्या पोटात जाते.

तेवढ्यात ताईचा फोन आला. नळ्या उद्यापुरत्याच उरल्यात म्हणाली. समोर कागद, कानाशी ताई. सही केली असती तर उद्या संध्याकाळपर्यंत गाडी तिच्या दारात उभी असती.

“ताई, नळ्या येणार नाहीत,” मी म्हणाले. “खराब झाल्यात.”

“सांगितलंस ते बरं केलंस,” ती म्हणाली. “पाठवल्या असत्यास, तर मी डोळे झाकून घातल्या असत्या.”

मी कागद तसाच कोरा परत सरकवला. साहेब माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच कुंड्या आत आणल्या होत्या.

खेप मागच्या भट्टीत जाळली. प्लास्टिकच ते, काळाकुट्ट धूर निघाला आणि वारा नेमका परीक्षकांसाठी घातलेल्या मांडवाकडे. परीक्षक खोकत होते, साहेब डोळे पुसत पृथ्वीमातेवर बोलत होते. लोकांना वाटलं, गहिवरले.

पुरस्कार मिळाला. कुंड्यांचा फोटो फारच सुरेख आला होता. मला मात्र मेमो मिळाला, की माझ्या हट्टापायी कारखान्याचा धूर वाढला. मी तो घडी करून कुंडीखाली सरकवला; कुंड्या आता माझ्याच टेबलापाशी आणून टाकल्यात.

ताईनं एक दिवस कसाबसा शेजारच्या इस्पितळातून उसन्या आणून ढकलला. मग परदेशातून विमानानं नळ्या आल्या. संध्याकाळी तिचा फोन आला.

“अगं, एका नळीला पिशवी, खोका, वर पुन्हा प्लास्टिक. चोपडंही आहे. आणि खोक्यावर हिरवं पान छापलंय.”

“बाळांनी दूध घेतलं?”

“घेतलं. सगळ्यांनी.”

“मग छापू देत पान,” मी म्हटलं, आणि तिथेच, त्या कुंड्यांसमोर, मला रडू फुटलं.