फोल्डरमधला दादा

मेलेल्या माणसालाही त्या फर्ममध्ये सुट्टी नव्हती. दादाला जाऊन वर्षं लोटली, तरी या आठवड्यात तो एका विमानतळावर बॅग ओढत होता, एका संग्रहालयाच्या पायऱ्या चढत होता आणि कुठल्याशा वाळवंटातल्या बँकेसमोर खिशात हात घालून कारंजं बघत उभा होता.

ही फर्मची रीत होती. इमारत बांधायच्या आधी तिचं चित्र गिऱ्हाइकाला दाखवायचं, आणि रिकामी इमारत भकास दिसते म्हणून चित्रात माणसं पेरायची. बाकीच्या फर्मा ही माणसं विकत आणतात. इथल्या थोरल्या साहेबांनी, म्हणजे आताच्या साहेबांच्या वडिलांनी, चपलांच्या दुकानावरच्या खोलीत धंदा मांडला तेव्हा ती चैन परवडत नव्हती. त्यांनी आपल्याच नोकरांचे फोटो काढले, कात्रीने कापले आणि चिकटवले. पुढे धंदा समुद्रापलीकडे गेला, तीन खंडांत ऑफिसं झाली आणि त्या चिक्कूपणाला परंपरा म्हणायला लागले. नवा माणूस रुजू झाला की त्याला मागच्या अंगणात चालायला, बसायला, पाठमोरं उभं राहायला लावायचं. फोटो ‘माणसं’ नावाच्या फोल्डरमध्ये. तिथून कुणाची सुटका नाही. राजीनामा दिलेले, हाकललेले, म्हातारे होऊन घरी खोकत बसलेले, सगळे तिथे तरणेबांड आणि इस्त्रीच्या कपड्यांत.

दादाची बहीण, धाकटी, या चित्रांच्याच विभागात होती. दादानेच चिकटवली होती तिला तिथे. तो नकाशे काढायचा, बांधकामावर जायचा. मान लांब, म्हणून सगळं ऑफिस त्याला जिराफ म्हणायचं. तो गेल्यावर पहिल्यांदा फोल्डरमध्ये समोर आला तेव्हा धाकटीने स्क्रीन बंद केला आणि संडासात जाऊन ओकली. मग कधीतरी तिनेच त्याला उचलून एका चित्रात ठेवलं, चित्र छापलं आणि घरी आईकडे नेलं. तिथून ते व्यसन लागलं.

“आज कुठंय गं?” ती दारातून आत आली की आई विचारायची.

“विमानतळावर.”

आई चित्र खिडकीपाशी न्यायची. “वाळलाय बघ.”

“आई, फोटो तोच आहे. वाळेल कसा?”

“तू गप गं. मोठी शहाणी. आणि ही कोण भवानी त्याला चिकटून उभी?”

“हिशेबखात्यातली आहे. दोन मुलं आहेत तिला.”

“मग सरकव की जरा पलीकडे!”

दोघी हसायच्या. मग आई ते चित्र भिंतीला लावायची. भिंत भरत आली होती. घरात शिरलं की चहूकडून पाठमोरा दादा निघून चाललेला दिसायचा, आणि धाकटीच्या पाठीतून कळ जायची. हे बरं नाही, हे तिला कळत होतं. पण आई पुन्हा जेवायला लागली होती. कुठल्या तोंडाने बंद करणार?

अशात फर्मच्या इतिहासाचं प्रदर्शन ठरलं. मोठ्या दालनाच्या मुख्य भिंतीवर, जमिनीपासून छतापर्यंत, फर्मच्या सगळ्यात गाजलेल्या इमारतीचं चित्र लागणार होतं. लांबच लांब गच्ची, दुपारचं ऊन, त्यावर माणसं, आणि माणसं खऱ्या माणसांएवढी. त्यात दादा होता. धाकटीने हौसेने घरी सांगितलं.

“म्हणजे माझ्यापेक्षा उंच दिसेल?” आईने विचारलं.

“होता तेवढा दिसेल.”

त्या दिवसापासून आईने ठेवणीतले कपडे बाहेर काढून ठेवले.

आणि ती गच्ची कुठली? तीच, जिने दादाला नेलं. ओल्या काँक्रीटखालचे टेकू काढायचे नसतात, हे या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल. पण उद्घाटनाची तारीख ठरली होती, पत्रिका वाटल्या होत्या. दादा म्हणाला, थांबा. साहेब म्हणाले, काढा. गच्ची खाली आली ती दादाला घेऊनच. मग ती पुन्हा बांधली, तिला पुरस्कार मिळाला, साहेबांनी स्टेजवर घामाचे आणि स्वप्नांचे आभार मानले. प्रदर्शनात त्या पुरस्काराला स्वतंत्र काचेची पेटी होती. दादाला एक ओळ नव्हती.

प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात विभागप्रमुखाने धाकटीला बाजूला घेतलं. त्याला सगळे चष्मा म्हणत.

“जिराफाला काढायचंय,” चष्मा खाली बघत म्हणाला. “मोठ्या चित्रातून. आणि फोल्डरमधून पण. सगळ्याच चित्रांतून.”

“का?”

“वकील म्हणाले. जिथून पडला तिथेच उभा दिसला तर वाईट दिसतं.”

“पडला नाही तो. पाडला.”

“मला कशाला सांगतेस? मी काय गच्ची पाडली? हे बघ, दुसऱ्या कुणाला सांगतो. तुझ्या हातून नको.”

“नको. परक्या हातून तर मुळीच नको.”

तिने तो विमानतळावरून काढला, पायऱ्यांवरून काढला, कारंज्यासमोरून काढला. गच्चीवर आल्यावर यंत्राने विचारलं, नक्की काढायचं?  तिने बटण दाबलं. घरी आईला मात्र तिने काहीच सांगितलं नाही. 

छपाईला सोडायच्या आधी ती चित्र शेवटचं तपासत होती तेव्हा तिला ते दिसलं. गच्चीवर उन्हात एक सावली पडली होती. लांब मानेची. शेजारी कुणी नाही, वर कुणी नाही. या कामात माणूस एका थरावर असतो आणि त्याची सावली दुसऱ्या. माणूस काढताना सावली राहून जाते, आणि नवशिक्यांना त्यावरून शिव्या बसतात. ती विसरली होती. खरंच विसरली होती.

“सोडू का छपाईला?” चष्म्याने पलीकडून विचारलं.

हात माऊसवर होता. सावली पुसणं एका टिचकीचं काम.

“सोडा,” ती म्हणाली.

प्रदर्शनाच्या दुपारी दालन माणसांनी फुललं होतं. आई सरळ मोठ्या भिंतीपाशी गेली. एकेका माणसाच्या पाठीवरून नजर फिरवत डावीकडून उजवीकडे गेली, मग उजवीकडून डावीकडे.

“आई,” धाकटी म्हणाली, “मला काढायला लावलं त्याला.”

 आईची नजर खाली गेली होती. फरशीलगत पसरलेल्या त्या सावलीवर. तिने ती मान ओळखली. समोर लावलेला दोर तिने उचलला, खालून वाकून पलीकडे गेली आणि जिथे सावलीचे पाय सुरू होत होते तिथे भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

साहेब पाहुण्यांना घेऊन आले. “आजी, जरा बाजूला होता का? फोटो घ्यायचाय.”

“घ्या की. मी कुठं नको म्हणते?”

पाहुणे हसले. साहेबांना मात्र हसू आलं नाही. आई ठेंगणी होती आणि तिच्या पायांतून निघालेली सावली तिच्या दुपटीने लांब होती. मागे उभ्या असलेल्या जुन्या नोकरांपैकी कुणीतरी पुटपुटलं, “जिराफ.” ते सगळ्यांनी ऐकलं.

“ही सावली कुणाची?” परदेशी ऑफिसातल्या पाहुणीने विचारलं.

“छपाईची चूक आहे,” साहेब म्हणाले.

“माझ्या भावाची आहे,” धाकटी म्हणाली आणि तिने दादाचं पूर्ण नाव घेतलं, मोठ्याने, बापाच्या नावासकट. मग टेकू कुणी काढायला लावले तेही सांगितलं, साहेबांकडे बोट दाखवून. नोकरी गेली, हे तिला बोलतानाच कळत होतं. चष्मा फरशी बघत होता.

“झाका ते,” साहेब खेकसले.

दोन माणसं धावत पांढरं कापड घेऊन आली. भिंतीच्या दोन टोकांना उभी राहिली, कापड ताणलं, आणि थांबली. आई जागची हलली नव्हती. तिच्यासकट झाकायचं का, हे साहेबांना विचारायची हिंमत दोघांपैकी कुणालाच होईना.