आईचे इंग्रजी प्रश्न

माझ्या वडिलांना लखनऊ छावणीत फॅमिली क्वार्टर मिळालं ते सत्त्याहत्तर सालच्या जूनमध्ये. तोवर आई, मी, म्हणजे कल्पना, आणि धाकटी लतिका साताऱ्यात होतो आणि नगरपालिकेच्या मराठी शाळेत आमचं उत्तम चाललं होतं. मी तर वर्गात पहिली यायचे, आणि पहिल्या येणाऱ्या मुलीत असतो तेवढा शिष्टपणा माझ्यात होता. तो उतरायला लखनऊला आठ दिवस पुरले.

नवी शाळा मुलींची, इंग्रजी माध्यमाची. लतिका माझ्याहून एका वर्षाने लहान, तिला मुकाट सहावीत घेतलं, कारण तिला खाली उतरवायचं तर पाचवीत जागा नव्हती. मला सातवीत घेतलं, पण अटीवर. डिसेंबरात प्रिन्सिपॉल मॅडम स्वतः माझी इंग्रजीची तोंडी परीक्षा घेणार होत्या. जमलं तर सातवी, नाही तर सहावी. सहावीची तुकडी एकच होती. लतिकाने पहिल्याच दिवशी घरी येऊन विचारलं की माझ्या शेजारची जागा तुझ्यासाठी धरून ठेवू का. त्या प्रश्नाने मला जेवण गेलं नाही. धाकट्या बहिणीच्या वर्गात बसायचं यापेक्षा गोमतीत उडी घेतलेली बरी, असं मला मनापासून वाटत होतं.

वडील, शशिकांत त्यांचं नाव, सप्लाय डेपोत हवालदार-क्लार्क होते. रोज इंग्रजी पत्रं टाइप करायचे, पण त्यांची पद्धत अशी की फायलीतलं जुनं पत्र काढायचं, तारीख बदलायची आणि खाली साहेबांची सही घ्यायची. तेव्हा इंग्रजी ही समजून घ्यायची गोष्ट नसून बिनचूक उतरवून काढायची गोष्ट आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी माझ्या इंग्रजी रीडरचे चौदाच्या चौदा धडे एका जाड वहीत देवनागरीत लिहून काढले. 'वन्स देअर वॉज अ फार्मर हू हॅड अॅन ओल्ड हॉर्स.' अक्षर मोत्यासारखं. मग म्हणाले, हे पाठ कर. रामरक्षा पाठ झाली, हे का नाही होणार?

आणि वही धरायची आईने. आई, विजया, चौथी पास. इंग्रजीचं एक अक्षर तिला ठाऊक नव्हतं. पण देवनागरी ती झरझर वाचायची. स्टोव्हवर तवा, मांडीवर वही, आणि मी समोर उभी राहून घडाघडा म्हणतेय. कुठे चुकले की पोळी उलटता उलटता ती म्हणायची, "मधला 'बट' खाल्लास. मागून घे." न समजणारी भाषा न समजणारी बाई न समजणाऱ्या मुलीकडून घोटून घेत होती, आणि शेजारच्या पंजाबी वहिनी कौतुकाने म्हणायच्या, भाभीजी तो अंग्रेज़ी पढ़ाती हैं. दीड महिन्यात अख्खं पुस्तक मला तोंडपाठ झालं. इतका वेडेपणा करायला कष्टाळू माणसंच लागतात.

आम्हाला इंग्रजी शिकवायच्या रिझवी मिस. किश्वर रिझवी. निशातगंजहून सिटी बसने यायच्या, सुती साडी, चष्मा, आणि बारा वर्षांच्या मुलींनाही 'आप' म्हणायच्या. आमच्या साताऱ्यात मास्तर छडी दाखवल्याशिवाय बोलत नसत, त्यामुळे या बाई आपल्याशी बोलतायत की मागे कुणी मोठं माणूस उभं आहे, हे मी आधी वळून बघायचे.

ऑगस्टमध्ये एक दिवस त्यांनी मला घोड्याचा धडा वाचायला सांगितला. मी पुस्तक मिटलं, हाताची घडी घातली, डोळे मिटले आणि सुरू झाले. धडा संपला तरी मी थांबले नाही, कारण वहीत पुढे स्वाध्याय होता. 'आन्सर द फॉलोइंग क्वेश्चन्स' हेसुद्धा मी त्याच सुरात म्हटलं आणि प्रश्न क्रमांक एकपासून पाचपर्यंत सगळे म्हणून टाकले. वर्ग हसून हसून बाकांवर आडवा झाला.

मिस हसल्या नाहीत. त्यांनी वर्गाला शांतपणे सांगितलं की जी हसते आहे तिने उभं राहून असा एक अख्खा धडा म्हणून दाखवावा. कुणी उठेना. मग त्यांनी मला हळू आवाजात इंग्रजीत विचारलं, घोडा कुणी विकला? मी सहाव्या धड्याची पहिली ओळ म्हणाले. माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही मागवली आणि वहीबरोबर आईलाही. आई ठेवणीतली साडी नेसून आली, पण घाबरून तिचा चेहरा एवढासा झालेला. तिने एका दमात विचारलं, "हमारा लडकी को कुछ आता नहीं क्या?" मिसनी तिला आधी बसवलं, पाणी दिलं. मग वहीचं पान अन् पान उलटून बघितलं, आणि बघताना एकदाही ओठ मुडपले नाहीत. त्या काय म्हणाल्या ते मला आजही शब्दाशब्दाने आठवतं.

"मोहर्रम की मजलिस में हम लोग जो मर्सिये पढ़ते हैं, मुझे मेरी अम्मी ने ऐसे ही याद कराए थे. याद करना बुरी बात नहीं है, बहनजी. मगर हमारे यहाँ जो बिना समझे पढ़े, उसके पढ़ने पर कोई रोता नहीं."

आईला मर्सिया म्हणजे काय हे कळलं नाही. घरी जाताना मी तिला वर्गातल्या मुलींकडून ऐकलेलं सांगितलं, की ती शोकाची गाणी असतात, शेकडो ओळींची, आणि जमलेली माणसं ती ऐकून रडतात. आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, ही बाई खरी शिकलेली आहे.

मिसनी वही बंद करायला लावली नाही. त्यांनी फक्त एक काम वाढवलं. रोज संध्याकाळी एक उतारा म्हणायचा आणि लगेच त्याचा अर्थ आईला मराठीत सांगायचा. आई जो प्रश्न विचारेल तो दुसऱ्या दिवशी इंग्रजीत करून मिसना विचारायचा. मिस इंग्रजीतच उत्तर देणार, आणि ते मी घरी पोचवायचं. मला वाटलं, सुटले. आई कसले प्रश्न विचारणार?

पण आई सुटली ती सुटलीच. शेतकऱ्याचा गाव कोरडवाहू का बागायती? राजाच्या मुलीला आई नव्हती का, मग ती कुठे गेली? बर्फ पडतं तिथे धुणं कसं वाळतं? हे असले प्रश्न इंग्रजीत करता करता माझा जीव मेटाकुटीला यायचा. मिस मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभ्या राहून ऐकायच्या. वाक्य मोडकं असलं तरी तोडायच्या नाहीत, संपू द्यायच्या आणि मग तेच वाक्य सरळ करून मला परत द्यायच्या. धुण्याच्या प्रश्नाला तर त्यांनी सांगितलं की हे मलाही ठाऊक नाही, उद्या बघून सांगते, आणि खरोखर बघून आल्या. 'मला ठाऊक नाही' असं म्हणणारी शिक्षिका मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

उच्चारातही त्यांनी मला तारलं. वर्गातल्या निम्म्या मुली 'इस्कूल' आणि 'इस्टेशन' म्हणायच्या. माझ्या मराठी तोंडाला 'स्टेशन' म्हणायला काहीच कष्ट नव्हते. मिसनी एकदा सगळ्यांना थांबवून मला तो शब्द तीनदा म्हणायला लावला आणि म्हणाल्या, असा म्हणा, कल्पनासारखा. त्या दिवशी मी घरी जमिनीला पाय न लावता गेले असेन. लतिका म्हणाली, एका स्टेशनावर एवढी काय फुगतेस.

घोड्याच्या धड्याशी मात्र आई अडली. धडा साधाच. शेतकरी म्हातारा घोडा जत्रेत नेतो, विकतो, घरी येतो आणि रिकाम्या तबेल्याचं दार लावून घेतो. आईने विचारलं, घरात खायला असताना विकला कशाला? मी प्रश्न मिसकडे नेला. त्या म्हणाल्या, पुस्तकात ते लिहिलेलं नाही. तुमच्या आईला काय वाटतं ते विचारून या.

आई तेव्हा लसूण सोलत होती. तिने हात थांबवले. "डोळ्यांदेखत मरताना बघवलं नसतं त्याला. म्हणून विकला असेल." एवढंच म्हणाली. मी ते मोडक्या इंग्रजीत मिसना सांगितलं, तर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि त्या दिवशी माझं वाक्य दुरुस्त केलं नाही.

तोंडी परीक्षा डिसेंबरात झाली. मोहरमचे दिवस होते, रिझवी मिस काळी साडी नेसून आल्या होत्या. विषयशिक्षिकेने आत थांबायचं नाही असा नियम, म्हणून त्या बाहेर गेल्या. प्रिन्सिपॉल मॅडमनी पुस्तक मध्येच उघडलं. निघाला नेमका घोड्याचा धडा. मी वाचला, डोळे उघडे ठेवून. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, त्याने घोडा का विकला असेल?

मी म्हणाले, त्याचं घोड्यावर प्रेम होतं. त्याला घोडा मरताना बघायचा नव्हता. व्याकरणाचे हाल झाले, पण वाक्यं माझी होती.

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. हे तुला मिस रिझवींनी शिकवलं का? मी म्हणाले, नो मॅडम, माय मदर. तुझ्या आईला इंग्रजी येतं? क्षणभर वाटलं, हो म्हणून टाकावं. हो म्हटलं तर आईची शान वाढेल, माझीही वाढेल. पण शेजारच्या पंजाबी वहिनींची गोष्ट वेगळी आणि ही वेगळी. मी म्हणाले, "नो मॅडम. शी ओन्ली आस्क्स."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. कार्डावर काहीतरी लिहिलं, पाकिटात घातलं आणि पालकांना द्यायला सांगितलं.

पाकीट घरी येईपर्यंत उघडायची माझी हिंमत झाली नाही. वडील डेपोत होते. आई म्हणाली, फोड. मी वाचून सांगायला लागले की मी सातवीतच राहणार, तर तिने मला थांबवलं. आधी इंग्रजीत वाच म्हणाली, मग मराठी. मी वाचलं. पहिली ओळ सातवीची होती. दुसरी होती, 'द चाइल्ड हॅज बीन वेल टॉट अॅट होम.'

"म्हणजे?"

"या मुलीला घरी चांगलं शिकवलं गेलं आहे."

आईचा चेहरा उजळला. "ह्यांना दाखव हो आल्यावर. वही लिहून लिहून बोटं दुखायची त्यांची."

"आई, बाबांचं नाही. तुझ्याबद्दल लिहिलंय."

मी थट्टा करतेय का, हे तिला कळत नव्हतं. तिने लतिकाकडे बघितलं, तर पहिल्यांदाच लतिकानेही माझ्या बाजूने मान हलवली. मग आईने पदराला हात पुसले, कार्ड घेतलं आणि स्टोव्हजवळच्या उजेडात धरलं.

"यातलं 'घर' कुठं लिहिलंय," ती म्हणाली, "मला बोट ठेवून दाखव."