तळहाताएवढी भिंत

तपासनीस बाईंनी छोट्या पातीनं भिंतीचा कोपरा खरवडला, आणि खाली शिडी धरून उभ्या असलेल्या रखवालदारानं नकळत स्वतःचं मनगट चोळलं.

"हा ऑइलपेंट कोणी दिला?"

"मीच," तो म्हणाला. "दर दोन वर्षांनी देतो. ही शिडीसुद्धा माझीच."

बाईंनी आणखी खोल खरवडलं. रंगाखाली रंग, त्याखाली अजून रंग, आणि सगळ्यांच्या खाली राखाडी सिमेंट. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. रखवालदाराला वाटलं, चांगलंच लिहिलं असणार. तीस वर्षं त्यानं हे संग्रहालय तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. ओल आली की जुना चुना काढून सिमेंट लावायचं, आणि भोक दिसलं की संध्याकाळच्या आत बुजवायचं. भोक उघडं असलं की त्याला घास गिळवत नसे. बायको चिडवायची, "मला कधी धड एक चप्पल आणली नाहीत, भिंतींना मात्र दर दोन वर्षांनी नवे कपडे!"

संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेला आता ही इमारत विकायची होती. ती पाडून तिथं तीन मजली दुकानं होणार होती, आणि आतली नाणी, भांडी, नाक उडालेले पुतळे कुठल्याशा गोदामात जाऊन पडणार होते. चार म्हाताऱ्यांनी मिळून अर्ज केला म्हणून सरकारनं या बाईंना पाठवलं होतं. इमारत जपण्याजोगी आहे असं त्यांनी लिहिलं, तर पाडकाम थांबणार होतं. रखवालदाराला जिन्याखालच्या खोलीखेरीज घर नव्हतं. बायको गेल्यापासून बोलायलाही कोणी नव्हतं. सकाळी कुलूप काढताना तो कुलपाशीच दोन शब्द बोलून घ्यायचा.

बाई जिन्यापाशी थांबल्या. "इथला लाकडी कठडा कुठं गेला?"

"वाळवी लागली होती. मीच काढला आणि पाइप बसवला. पोरंटोरं पडायला नकोत."

"आणि फरशी?"

"तीही मीच बदलली. चार खोल्यांची, एकट्यानं."

बाईंचं पेन थांबलं. त्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी चष्मा काढला.

"काका, रागावू नका. जुन्या हातचं काम शिल्लक असेल तरच इमारत जपायच्या यादीत जाते. इथं चुना नाही, लाकूड नाही, फरशी नाही. बाहेरून ही जुनी आहे, पण आतून सगळी तुमचीच आहे."

दोन्ही हात त्यानं खिशात घातले.

"म्हणजे मी काहीच केलं नसतं, तर..."

"तर बरं झालं असतं," बाई म्हणून गेल्या, आणि लगेच कागद चाळू लागल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "कुठं एखादी भिंत राहिली असेल का? मूळच्या चुन्याचा एक नमुना मिळाला, तरी पाडकाम थांबवायला मला पुरेल."

रखवालदारानं जिन्याच्या पाइपवरची धूळ बाहीनं वरपासून खालपर्यंत पुसली. आठवायला त्याला वेळ लागला नव्हता. वेळ लागला तो सांगायला.

"एक आहे," तो म्हणाला.

जिन्याखालच्या खोलीत एक खाट होती, एक स्टोव्ह आणि दोन कप. संस्थेचा रंग किंवा सिमेंट आपल्या खोलीला लावायचं नाही, हा त्याचा पहिल्यापासूनचा नेम. बायको गेल्यावर, तीन वर्षांपूर्वी, त्यानं पदरच्या पैशानं रंगाचा एक डबा आणला होता. तो न उघडता खाटेखाली तसाच पडून होता. आतल्या भिंतीचे खाली ओलीनं पोपडे सुटले होते आणि वर स्टोव्हच्या धुरानं काळा पडलेला चुना हात लावला की झडत होता. मधे, जमिनीवर बसलेल्या माणसाचं डोकं येईल तेवढ्या उंचीवर, एक काळपट, गुळगुळीत डाग होता.

बाईंनी वाकून त्यावर नखानं टकटक केलं. "इथला चुना अगदी धड आहे. एवढाच कसा टिकला?"

"तेल मुरलंय त्यात."

"कसलं तेल?"

"डोक्याचं. ती इथं टेकून बसायची. भाजी निवडायची, माझी वाट बघायची. सव्वीस वर्षं."

बाहेर जिन्यावरून कुणीतरी उतरलं. पावलं डोक्यावरून गेली.

"दुसरीकडून घेता येत असतं तर घेतलं असतं," बाई म्हणाल्या.

"किती लागेल?"

"तळहाताएवढं."

त्यानं डागावर तळहात ठेवला. डाग जेमतेम तेवढाच होता. रोज कामावर जाताना तो असाच हात ठेवून निघायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायला कुणी नव्हतं. आता हे गेलं की आपण खरंच एकटे, हे त्याला स्वच्छ कळत होतं.

त्यानं हात काढला आणि मांडणीवरून ताटली आणली. "खाली सांडायला नको."

बाईंनी सावकाश, कडेकडेनं कापत आणलं. तुकडा अख्खा निघाला. तोवर त्यानं ताटली हलू दिली नाही.

तुकडा कापसात गुंडाळून झाल्यावर बाईंनी फॉर्म पुढे घेतला. "या भागाची निगा कोणी राखली, असं विचारलंय."

"मी..." तो सवयीनं म्हणाला आणि थांबला. "बायकोनं."

"त्यांची सही..." बाईही थांबल्या. त्यांनी पेन त्याच्या हातात दिलं. "तुम्ही करा. पुढं नातं लिहायचंय."

त्यानं सही केली आणि पुढे 'नवरा' असं लिहिलं. तीन वर्षांत हा शब्द त्याला कुठं लिहावा लागला नव्हता. बाईंनी फॉर्म ओढून घेतला नाही. त्याचं लिहून होईतो त्या दाराकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी त्यानं सवयीनं घमेल्यात सिमेंट काढलं आणि पाण्याचा तांब्या उचलला. भिंतीतल्या भोकाच्या कडेला चुना पांढराशुभ्र दिसत होता. त्यानं तांब्या परत खाली ठेवला. ताट वाढून घेतलं आणि खाटेवर न बसता तिच्या जागी, भिंतीला टेकून बसला. भोक उघडंच ठेवून तो जेवला.