बाटलीवरची शेपटी

मंगळवार आला की ठाकुर्लीच्या खाडीकाठी आमच्या गावात जत्रेची गर्दी व्हायची. पिंपळाखाली दामाजीबुवा बसलेला, डोळ्यांना काळं फडकं घट्ट बांधलेलं, आणि समोर औषधाच्या बाटल्या घेऊन उभी असलेली रांग. रांगेत तोंड उघडायचं नाही, हा बुवाचा दंडक. बोललं की म्हणे देव उठून जातो. मुकाट्याने बाटली हातात द्यायची. तो तिच्यावरून बोटं फिरवणार, ती कपाळाला लावणार आणि आरोळी ठोकणार, "छाती पोखरलीय! आत खाडीचा वारा शिरलाय!" आणि बाटलीवाला खरोखरच महिनाभर खोकत असायचा. बायका हात जोडायच्या. डोळे बांधलेले, कुणी चकार शब्द काढलेला नाही, तरी बुवाने रोग ओळखला!

पुढचं ठरलेलं. "या दवानं वारा खवळंल. बाटली खाडीला वाहा, माझा अंगारा घे." १९८६ साल होतं. पलीकडे डोंबिवलीत घरोघरी टीव्ही आले होते आणि इथे सरकारी औषध मासे पीत होते.

ती बाटली आताच्या वाचकांना ठाऊक नसेल. दवाखान्यात जाताना रिकामी बाटली घरून न्यायची. कंपाउंडर तिच्यात औषध ओतून बाहेरून कागदाची पट्टी चिकटवायचा आणि पट्टीला कात्रीने खाचा पाडायचा. एक खाच म्हणजे एक डोस. हे औषध तोंडाला लावण्याआधी देवाच्या माणसाला दाखवायचं, ही गावची जुनी रीत. नाहीतर ते बाधतं म्हणे. आमचा कंपाउंडर चांगदेव. गावचाच, माझाच विद्यार्थी, गावातला पहिला मॅट्रिक. "दवाखान्याला भिता कशाला? तिथे आपला चांगदेव आहे," असं सांगत मी दारोदार फिरलो होतो.

त्या वर्षी दवाखान्यात डॉक्टर सरस्वती दातार आल्या आणि त्यांनी एक नवंच काढलं. औषध घेऊन निघालेल्याला दारात थांबवायचं आणि विचारायचं, "तुम्हाला काय झालंय? औषध कसं घ्यायचं? किती दिवस? माझे शब्द नकोत, तुमच्या शब्दांत सांगा." रुग्णांना खरोखर किती कळतं, हे त्यांना मोजायचं होतं. शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही मदतीला बसलो. कपाळाला हात लावायची पाळी आली. आत डॉक्टरांपुढे "हो बाई, कल्लं" म्हणून मान डोलावणारे दारात मुके.

खोकल्याने बेजार झालेली आवडाबाई मात्र बोलली. "खाचा मना कल्तात, गुरुजी. पन ही खालची शेपटी देवाची. बुवाकडं नाय गेलं तरी शेवटचा घोट खाडीत टाकाचा."

"कोणी सांगितलं?"

"सांगल कोन? समदीच टाकतात."

मी बाटली हातात घेतली. पट्टीचं खालचं टोक माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं होतं. डॉक्टरांनी पुढच्या काही रुग्णांच्या बाटल्या शेजारी मांडल्या. खोकल्याच्या प्रत्येक बाटलीवर शेपटी. पोटदुखीच्या पट्टीचं टोक तिरकं. गरोदर मंजुळेच्या पट्टीला गोल कोपरा.

"डोस तर खाचांवरून कळतो," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "मग ही टोकं कुणासाठी कापलीत?"

पट्ट्या कापणारा हात एकच होता.

पुढच्या मंगळवारी मी रांगेत उभा राहिलो. बाटलीत रंगीत पाणी, तिच्यावर डॉक्टरांनी स्वतः कापलेली गोल कोपऱ्याची पट्टी, आणि माझ्या ओठांवर ही झुपकेदार मिशी. बुवाची बोटं पट्टीवरून घसरत खाली गेली आणि थबकली.

"पोरी, कूस भरलीय तुझी!" बुवा गरजला. "पन वाटंत हडळ आडवी आलीय. नारळ ठेव, पोरगाच होईल!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग कुणालाच आवरेना.

"कोन हसतं? देव कोपंल!"

"देव कशाला कोपेल? पोरगा झाला की माझ्याच शाळेत घालीन, दामाजी," मी म्हणालो.

बुवाने फडकं ओढून काढलं आणि माझ्या मिशीकडे पाहतच राहिला. मी सगळ्यांना पट्ट्यांची टोकं दाखवली, कुठलं टोक कशाचं ते सांगितलं. आवडाबाईला डोळे मिटायला लावून तिच्या हातात एकेक बाटली दिली. नुसत्या बोटांनी तिने खोकला, पोट, गर्भारपण बिनचूक सांगितलं. तिच्या अंगात काही आलं नव्हतं.

तेवढ्यात सगुणा पुढे आली आणि हसणं थांबलं. सगुणा ही चांगदेवची सख्खी बहीण. तिचा नवरा भिवा क्षयाने अंथरुणाला खिळला होता. चांगदेव गर्दीच्या कडेला उभा होता. ती सरळ त्याच्यासमोर गेली.

"दादूस, भिवाच्या बाटलीवर पन शेपटी होती. तूच कापलीस ना?"

"बुवा रोग सांगंल, एवरंच ठरलेलं," चांगदेव खाली मान घालून म्हणाला. "नारलांत वाटा देत होता. तो दवा वताया लावंल, मना काय म्हाईत?"

"तुझ्यासमोर वतली मी! गोल्या पन टाकल्या. तू हतंच उभा होतास. गप ऱ्हायलास." तिचा आवाज फाटला. "घरात वाचनारा एक तू. मना वाटलं, दादूस हाय, मंग मना कशाला कलाया पायजे? म्हनून मी कोनालाच काय इचारलं नाय."

मी शिकवलेल्या अक्षरांचं चांगदेवने हे केलं, याचा संताप माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

डॉक्टरांनी भिवाचे उपचार नव्याने सुरू केले. सगुणाला समोर बसवून सगळं समजावलं. तिने ते परत सांगितलं, चुकली, पुन्हा सांगितलं, आणि त्यानंतर एकही गोळी चुकू दिली नाही. पण फार उशीर झाला होता. दिवाळीआधीच भिवा गेला.

बुवाने गाव सोडलं, चांगदेवची नोकरी गेली. तेवढ्याने भागत नाही. उद्या दुसरा बुवा येईल, दुसरी युक्ती आणील. म्हणून सांगतो, समोर बुवा असो, डॉक्टर असो, गुरुजी असो की सख्खा भाऊ, नुसती मान डोलावू नका. कळलं नसेल तर विचारा. कुणी रागावलं तरी विचारा.

सगुणा पुढे कितीतरी मंगळवार दवाखान्याच्या दारात बसायची. बाटली घेऊन कुणी बाहेर आलं की त्याचा हात धरायची.

"कल्लं?"

"हो, कल्लं."

"मंग सांग मना."